टेलटेलचा ‘द वॉकिंग डेड’: निवडीने काही बदलत नव्हतं, तर एवढी बक्षिसं कशाची?

रात्रपाळी | शनिवार, रात्री ११:४०

रसभंगाचा इशारा आधीच देतो. गेम २०१२ चा आहे आणि धाग्यात शेवटापर्यंतचं सगळं फुटणार आहे. खेळायचा राहिला असेल तर आधी खेळून या, धागा कुठे पळून जात नाही.

भाची सुट्टीला आली आहे, बारावी संपवून. माझ्या जुन्या लॅपटॉपवर तिला टेलटेल कंपनीचा ‘वॉकिंग डेड’ सापडला, पहिला सीझन. (झोंबींच्या जगात वाचलेल्या माणसांची टोळी, आणि त्यातल्या ली नावाच्या माणसाला आपण चालवतो.) तीन दिवसांत पाचही भाग संपवले, वर मागे जाऊन उलट निवडी करूनही पाहिल्या. (मी हे कधी केलं नाही. हिंमत झाली नाही म्हणा.) आज सकाळी पोहे खाता खाता म्हणते, “मामा, शेतावर शॉनला धरा नाहीतर डकला, मरतो शॉनच. दुकानात डगला वाचवा नाहीतर कार्लीला, जे वाचेल ते तिसऱ्या भागात लिलीच्या गोळीने जातं. मग याला वर्षातला सगळ्यात भारी गेम कोणी ठरवलं?”

मला उत्तर आलं नाही. म्हणजे आलं, पण ते ‘तुला नाही कळायचं, तेव्हा तू लहान होतीस’ या जातीचं होतं, म्हणून गिळलं.

तेव्हाची हवा आठवून पाहिली. टेलटेलकडून फार कुणाला आशा नव्हती. लुकासआर्ट्स या गेम कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी २००४ साली काढलेली कॅलिफोर्नियातली कंपनी, भागाभागाने गेम विकणारी. २०११ च्या नोव्हेंबरात त्यांचा ‘जुरासिक पार्क’ आला, तो समीक्षकांना फारसा रुचला नाही. त्यानंतर पाचच महिन्यांनी, २४ एप्रिल २०१२ ला, रॉबर्ट कर्कमनच्या कॉमिकच्या जगातला हा गेम सुरू झाला. पाच भाग, एकेक पाच डॉलरला, शेवटचा नोव्हेंबरात. आणि डिसेंबरात स्पाइक टीव्हीच्या सोहळ्यात गेम ऑफ द इयर! समोर कोण होतं बघा: ‘असॅसिन्स क्रीड ३’, ‘डिसऑनर्ड’, ‘जर्नी’, ‘मास इफेक्ट ३’. पुढे मार्चमध्ये ब्रिटनच्या बाफ्टाची दोन बक्षिसं, एक कथेचं आणि एक मोबाइल गेमचं. जानेवारी २०१३ पर्यंत ८५ लाख भाग खपले होते.

त्याच यादीतला ‘मास इफेक्ट ३’ आठवा. मार्च २०१२ मध्ये आला. पाच वर्षं, तीन गेम आम्ही घासून घासून निवडी केल्या आणि शेवटच्या दहा मिनिटांत सगळ्या एकाच साच्यात ओतल्या, म्हणून लोकांनी एवढं डोकं उठवलं की जूनमध्ये कंपनीला वाढीव शेवट फुकट द्यावा लागला. म्हणजे ‘आमच्या निवडीला किंमत नाही’ म्हणून एका गेमला जोडे, आणि त्याच वर्षी, तोच गुन्हा पहिल्याच भागात उघड उघड करणाऱ्या दुसऱ्या गेमला हार.

माझं म्हणणं असं की बक्षीस बरोबर गेमला गेलं, पण कारण चुकीचं लिहिलं गेलं. जो तो लिहीत होता की ‘तुमच्या निर्णयांनी कथा घडते’. गेमच्या सुरुवातीलाही तशीच पाटी येते. कथा घडत नाही. घडतं ते दुसरंच काहीतरी. ते काय, यावर मंडळींनी बोलावं.

दगडफूल | शनिवार, रात्री ११:५२

‘ते काय’ म्हणून तिथेच धागा तोडलास? पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

खवट_काका | रविवार, सकाळी ७:१५

मी सांगतो काय घडतं. काहीही घडत नाही. हा गेमच नव्हे. हा बोलपट आहे, मधेमधे बटण दाबायला लावतो एवढंच. झोंबी अंगावर आला की एक अक्षर धडाधड दाबा. चाल म्हटलं की चाला, पण तीन पावलं.

आणि कोडी! पहिल्या भागात कार्ली, जी पेशाने बातमीदार, हातात रेडिओ घेऊन बसली आहे, चालत नाही म्हणून हैराण. आपण जाऊन पाहतो तर आत बॅटरीच नाहीत. त्या शोधून आणून द्यायच्या, तर बाई त्या उलट्या घालते! परत आपणच सरळ करायच्या. आमची आई नव्वदीची आहे, ट्रान्झिस्टरचे सेल डोळे मिटून बदलते. वर्षातल्या सर्वोत्तम गेममधलं कोडं हे.

त्यात इंजिन जुनाट. पीसीवर भागाभागातल्या मोक्याच्या जागी अडखळणार, ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. हे समीक्षकांनी लिहिलं नाही असं नाही, लिहिलं, पण शेवटच्या परिच्छेदात, लग्नातल्या वरणात मीठ कमी होतं म्हणतात तसं. आणि वर नऊ गुण.

अर्धा_कप | रविवार, सकाळी ९:०३

काका, गुणांचं तुम्ही म्हणता ते खरं, पण ते गुण एकदम नव्हते पडले, आणि मला वाटतं गोम तिथेच आहे.

आपल्याकडे क्रमशः कथा येतात तेव्हा काय होतं आठवा. पहिल्या भागावर ‘छान सुरुवात’. दुसऱ्यावर ‘पकड घेते आहे’. तिसऱ्यापासून वाचक लेखकाच्या मानगुटीवर. मग लेखक दोन महिने गायब, आणि त्या दोन महिन्यांत वाचकांनी प्रतिसादांत त्याच्याहून भारी कथा रचलेली असते. पाचवा भाग येतो तेव्हा लोक नुसता पाचवा भाग वाचत नाहीत, तीन-चार महिन्यांची स्वतःची वाट पाहणंही त्यात मिसळलेलं असतं.

इथे नेमकं तेच झालं. भाग महिन्याला एक येणार म्हणत होते, प्रत्यक्षात दीडदोन महिन्यांनी येत. प्रत्येक भागाचं वेगळं परीक्षण, वेगळे गुण. सूर साधारण चढत गेला. चौथ्या भागावर, सव्हाना शहरातल्या, किंचित उतरला कारण तो पाचव्यासाठी पाट मांडणारा भाग होता. पाचव्यावर पुन्हा उसळला. सगळं धरून, परीक्षणांचे गुण गोळा करणाऱ्या मेटाक्रिटिकवर पीसीची सरासरी ८९. पण त्या सात महिन्यांत लोक एकमेकांना विचारत होते, तू जेवण कुणाला दिलंस, तू लॅरीचं काय केलंस. भागाच्या शेवटी टक्केवारी यायची ना, इतके टक्के लोकांनी हे केलं, तितक्यांनी ते. ती वाचून माझे ऑफिसात दोन दिवस वाद चालले होते, आणि आम्ही तिघेच खेळणारे.

रात्रपाळी, तुझ्या भाचीने पाचही भाग तीन दिवसांत एका ताटात घेतले. तिला तो मधला उपास मिळालाच नाही.

तपासनीस | रविवार, सकाळी ११:३०

मी गेम टेस्टिंगमध्ये दहा वर्षं काढली आहेत (पुण्यात, कंपनीचं नाव विचारू नका), तेव्हा शॉन-डकसारख्या खोट्या निवडींच्या बाजूने दोन शब्द.

हिशोब करून बघा. दोनातून एक, अशा दहा निवडी आणि प्रत्येक निवडीने कथा खरोखर फुटली, तर १०२४ कथा. प्रत्येकीचे संवाद लिहा, आवाज ध्वनिमुद्रित करा, हावभाव बसवा, आणि मग माझ्यासारखीने त्या सगळ्या वाटा चालून तपासा. पाच डॉलरच्या भागात, दोन महिन्यांत. होत नाही. म्हणून सगळेच फांदी फुटू देतात आणि पुढच्या वळणावर परत खोडाला बांधतात. टेलटेलची फांदी डग-कार्लीची असते तेव्हा ती जवळजवळ दीड-दोन भाग जिवंत राहते, हे खरं तर खर्चिक काम आहे. तेवढ्या वेळात प्रत्येक प्रसंग दोन माणसांसाठी दोनदा केलेला आहे.

उरलेलं काम बारीक खुणांनी चालतं. तुम्ही काय म्हणालात ते सेव्ह फाइलमध्ये टिपून ठेवायचं आणि तासाभराने कुणाच्या तरी तोंडी एक वाक्य बदलायचं. कोपऱ्यात ‘क्लेमेंटाईन (ली सांभाळतो ती लहान मुलगी) हे लक्षात ठेवेल’ असं येतं तेव्हा पुष्कळदा त्यामागे तेवढंच एक वाक्य असतं. कधी तेही नसतं. पण ओळ वाचून तुमच्या पोटात जे होतं, ते फुकटात होतं.

एक गोष्ट मात्र मला अजून भारी वाटते आणि त्याबद्दल फारसं कुणी लिहिलेलं मी वाचलं नाही. बोलताना खाली वेळेची पट्टी सरकते, आणि तीन उत्तरांच्या बाजूला चौथी रिकामी जागा असते. गप्प बसणं. पट्टी संपली तर तेच उत्तर धरलं जातं, आणि समोरचा त्यावर चिडतो किंवा दुखावतो. टेस्टिंगच्या भाषेत सांगायचं तर ‘खेळणाऱ्याने काही केलं नाही’ हा प्रकार आम्ही नेहमी चूक म्हणून नोंदवतो. इथे तो एक निर्णय होता.

रात्रपाळी | रविवार, दुपारी २:१०

तपासनीसताई, बरोबर पकडलंत. आता मला जे म्हणायचं होतं ते म्हणतो. (दगडफूल, हा घे पुढचा भाग.)

दुसऱ्या भागाची सुरुवात. तीन महिने उलटलेत, मोटेलमध्ये दहा माणसं आहेत. खाणं वाटायचं काम लिली वैतागून लीच्या, म्हणजे आपल्या, गळ्यात घालते. हातात चार गोष्टी: अर्धं सफरचंद, वाळवलेल्या मांसाची एक पट्टी, चीज-बिस्किटाच्या दोन पुड्या. दहा तोंडं, चार घास.

मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. पोरांना द्यायचं हे ठरलेलंच होतं, सफरचंद आणि एक पुडी गेली. उरलेल्या दोन वस्तू घेऊन मी त्या अंगणात किती वेळ नुसता फिरत होतो! टोळीतला केनी कुंपणाशी उभा, दुसरीकडे लॅरी ठोकाठोकी करतोय, ज्याने आधीच्या भागात मला मरायला सोडलं होतं. त्याला द्यावं का? दिलं तर चांगुलपणा की लाचारी? काटकसर म्हणून दिलं नाही तर तो मला आवडत नाही हे लपेल का?

कथेच्या दृष्टीने सांगायचं तर काही फरक पडत नाही. त्या चार घासांनी कुणी वाचत नाही, कुणी मरत नाही. माझी भाची म्हणते तसं, शून्य. पण त्या अंगणात क्लेमेंटाईन बसलेली आहे आणि ती बघते आहे. आठ वर्षांची पोर. आईबाप सव्हानाला गेलेत, परत येणार नाहीत हे आपल्याला माहीत आहे, तिला नाही. यापुढे माणसं कशी वागतात हे ती तुमच्याकडे बघून शिकणार आहे.

‘मास इफेक्ट’मध्ये मी विश्वाचं काय होईल म्हणून निवडत होतो, म्हणून विश्वाचं काही झालं नाही तेव्हा फसवल्यासारखं वाटलं. इथे मी पोरीला काय दिसेल म्हणून निवडत होतो, आणि ते तर तिला दिसलंच. त्यामुळे फसवणूक कुठे झालीच नाही. मेलिसा हचिसनने क्लेमेंटाईनचा जो आवाज दिलाय त्याला स्पाइकवाल्यांनी वेगळं बक्षीस दिलं, ते मला सगळ्यात समंजस बक्षीस वाटतं. बाकी सगळं त्या आवाजावर उभं आहे.

दगडफूल | रविवार, दुपारी २:२६

मी चौथ्या भागात घंटाघरात टोळीतल्या बेनला सोडून दिलं. हात सोड म्हणाला, सोडला. भाग संपल्यावर टक्केवारी पाहिली आणि दोन दिवस कुणाशी गेमबद्दल बोललो नाही.

पाचव्या भागात तो तसाही मरतो हे नंतर कळलं. त्याने काही बरं वाटलं नाही.

चट्टाहूचीकाठी | रविवार, संध्याकाळी ६:४५

अटलांटाहून. इथे राहून हा गेम खेळणं जरा विचित्र आहे. गेममधलं मेकन शहर आमच्यापासून गाडीने दीड तासाच्या आत. गेममध्ये पहिल्याच दृश्यात ली पोलिसांच्या गाडीत मागे बसून अटलांटातून बाहेर निघालेला असतो, आणि समोरून सगळ्या पोलीस गाड्या शहराकडे सुसाट चाललेल्या.

समीक्षकांनी केलेल्या कौतुकातला एक मुद्दा इथे राहून जातोय म्हणून लिहिते. ली एव्हरेट हा कृष्णवर्णीय आहे, इतिहासाचा प्राध्यापक आहे, आणि बायकोच्या प्रियकराचा खून केल्याबद्दल शिक्षा झालेला आहे. २०१२ मध्ये मोठ्या गेमच्या नायकांत असा माणूस शोधून सापडला नसता. आणि गेम त्याचा गाजावाजा करत नाही. केनी एकदा लीला विचारतो की कुलूप उघडता येतं का, का विचारतोस म्हटल्यावर अडखळत म्हणतो, तू शहरी आहेस ना. बस्स. जॉर्जियात राहणाऱ्या माणसाला त्या ‘शहरी’ शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मी ते ऐकून हसले आणि लगेच हसल्याची लाज वाटली.

मेकनचं औषधांचं दुकान आठवतंय? ते लीच्या आईबापांचं आहे आणि तो कुणाला सांगत नाही. आईबाप सगळ्यांत मिळून एका फोटोत उरलेत. बाहेर रस्त्यावर विजेच्या खांबाखाली अडकलेला झोंबी म्हणजे त्याचा भाऊ, आणि आतल्या खोलीची किल्ली त्याच्या खिशात. काका, कोडी फालतू म्हणालात ना? ‘किल्ली मिळवा’ याहून फालतू कोडं नसेल. ते सोडवायला कुऱ्हाड कुणावर चालवावी लागते ते बघा.

खवट_काका | रविवार, रात्री ८:२०

चट्टाहूचीताई, भावाच्या प्रसंगापुरता मी माघार घेतो. बॅटरीवर ठाम.

पण रात्रपाळी, तुझ्या ‘पोरगी बघतेय’ या सिद्धांताला एक खिंडार आहे, आणि ते लेखकांनी स्वतः पाडलंय. दुसऱ्या भागाच्या शेवटी रानात एक बेवारस गाडी सापडते, सामानाने भरलेली. मी म्हटलं, घ्यायचं नाही, कुणाची तरी आहे. क्लेमेंटाईनसमोर म्हटलं. बाकीच्यांनी घेतलंच. ठीक. पाचव्या भागात त्याच गाडीचा मालक भेटतो, त्यानेच पोरीला पळवलंय, आणि हॉटेलच्या खोलीत मला समोर बसवून माझ्या पापांची यादी वाचतो. माझ्या यादीत होतं काय? मी काही घेतलंच नव्हतं! तरी न्यायालय बसलं, तरी आरोपपत्र. ज्यांनी घेतलं त्यांना तो प्रसंग काळजात घुसला असेल. मला तो माणूस चुकीच्या पत्त्यावर आलेल्या वसुलीवाल्यासारखा वाटला.

म्हणजे जिथे निवडीचा हिशोब मागायची वेळ आली, तिथे एकाच प्रकारच्या खेळणाऱ्याच्या मापाने प्रसंग लिहिला. बाकीच्यांनी सांभाळून घ्यावं.

रात्रपाळी | रविवार, रात्री ८:४१

हे मान्य. मीही घेतलं नव्हतं आणि मलाही तो प्रसंग लांबलेला वाटला होता. शेवटच्या दुकानातल्या प्रसंगाने त्याची आठवण पुसून टाकली, म्हणून परीक्षणांत तो सुटला असावा.

अर्धा_कप | रविवार, रात्री ९:३०

कौतुकाचं नंतर काय झालं तेही लिहून ठेवू, नाहीतर धागा नुसताच गोड होईल.

दुसरा सीझन डिसेंबर २०१३ ते ऑगस्ट २०१४. आता क्लेमेंटाईनच आपण. कल्पना झकास, पण मग बघणारी पोरगी कुठे राहिली? रात्रपाळीचं खरं मानलं तर गेमचा कणाच त्या दिवशी निघाला. भाग आखूड झाले, आणि मोठी माणसं अकरा वर्षांच्या मुलीला दर दहा मिनिटांनी विचारतात, आता काय करायचं गं? गुण उतरले, तरी बरे होते. शेवटी केनी की जेन ही नवी साथीदार, असा जीवघेणा प्रश्न टाकला. लोकांनी दोन वर्षं उत्तर जपून ठेवलं. तिसऱ्या सीझनने, २०१६ च्या डिसेंबरात, त्या उत्तरांचा निकाल छोट्याशा आठवणींच्या तुकड्यांत लावून टाकला आणि हावियर नावाच्या नव्या माणसाच्या हाती गोष्ट दिली. तोवर तोच साचा बॅटमॅनला, ‘बॉर्डरलँड्स’ला, ‘माइनक्राफ्ट’लाही लावून झाला होता. २०१२ मध्ये जे ‘अमुक हे लक्षात ठेवेल’ वाचून लोक दचकायचे, त्यावर २०१६ पर्यंत विनोद सुरू झाले.

मूळचे दोन म्होरके, शॉन व्हॅनमन आणि जेक रॉडकिन, २०१३ मध्येच बाहेर पडून स्वतःची कंपनी काढून बसले. त्यांचा ‘फायरवॉच’ २०१६ चा. त्यातही क्लेमेंटाईनसारखी वॉकीटॉकी आहेच, जाता जाता.

तपासनीस | रविवार, रात्री १०:०५

आणि कामगारांचं? नोव्हेंबर २०१७ मध्ये ९० जणांना घरी पाठवलं. २१ सप्टेंबर २०१८ ला उरलेल्यांपैकी सुमारे अडीचशे एका दिवसात गेले, नुकसानभरपाई न देता. चौथ्या, शेवटच्या सीझनचा पहिलाच भाग तेव्हा आला होता. दुसरा भाग २५ सप्टेंबरला आला, म्हणजे तो बनवणाऱ्यांची नोकरी गेल्यावर चार दिवसांनी. पुढचे दोन कर्कमनच्या स्कायबाउंड कंपनीने, त्यातल्याच काही माणसांना परत बोलावून, २०१९ मध्ये पुरे केले.

भाग वेळेवर येत नाहीत म्हणून तेव्हा मीही वैतागून लिहायचे. नंतर तिथल्या कामाच्या तासांबद्दलच्या बातम्या वाचल्या. मी या धंद्यात असून माझ्या डोक्यात आलं नव्हतं, की महिन्याला एक म्हणून कबूल केलेला भाग दीड महिन्याने येतो तेव्हा तो दीड महिना कुणीतरी ऑफिसात झोपून काढलेला असतो.

दगडफूल | रविवार, रात्री १०:१८

शेवटच्या सीझनमध्ये क्लेमेंटाईन एजे नावाच्या पोराला वाढवते. परत एक बघणारं मूल. बहुतेक त्यांनाही कळलं होतं कणा कुठे गेला ते.

खवट_काका | रविवार, रात्री १०:३०

रात्रपाळी, मूळ मुद्द्याचं काय? भाचीला दाखवला का धागा? काय म्हणाली? आणि शेवटी तिने काय केलं, झोंबी चावलेल्या लीवर पोरीला गोळी झाडायला लावली की त्याला तसाच सोडून जायला सांगितलं?

रात्रपाळी | रविवार, रात्री ११:१२

दाखवला. तुमच्या बॅटरीवर खो खो हसली, म्हणाली काकांना माझा पाठिंबा आहे. तपासनीसताईंचा १०२४ चा हिशोब तिने कागदावर परत करून पाहिला. माझा सिद्धांत वाचून ‘हं’ म्हणाली, ते तिचं ‘हं’ कसल्या अर्थाचं असतं मला अजून कळलेलं नाही.

शेवटचं मात्र विचारलं तर सांगत नाही. शटर ओढलेलं ते दुकान, रेडिएटरला बांधलेला ली, समोर क्लेमेंटाईन. बाकी प्रत्येक निवड तिने दोन्हीकडून खेळून पाहिली, तिथे मागे गेली नाही. एकदाच खेळली. मी म्हटलं, का गं, तसंही काय फरक पडतो? तर लॅपटॉप बंद करून म्हणाली, तू आधी सांग तू काय केलंस.

मी पण नाही सांगितलं.